भाऊ चायनीज खातात

मोझरीजवळ नागपूर–अमरावती रस्त्याला 'नूडल्स, मोमो'चं नवं हॉटेल उघडलं, की पहिल्याच आठवड्यात तिथे हजर होणारे भाऊ गावातल्या जुन्या मंडळींच्या मते बिघडलेले असतात. माझ्या मते भाऊंइतका कर्मठ वऱ्हाडी खवय्या शोधून सापडायचा नाही. पुरावा त्यांच्या टेबलावरच असतो. मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचून भाऊ मागवतात मंच्युरियन, तेही "रस्सा जास्त अन् झणझणीत". कांदा-लिंबू न सांगता यायला हवं. नूडल्स आल्या की "ह्या तं आपल्या शेवयाच हायेत ना बाप्पा" असा निकाल देऊन, घरी उन्हाळ्यात वाळवलेल्या शेवया किती बारीक असतात यावरून ते आचाऱ्याला सोडून थेट चीनचीच हजेरी घेतात. वाफवलेला मोमो दिसताच त्यांचा चेहरा उतरतो. उकडलेलं म्हणजे आजाऱ्याचं, ही त्यांची श्रद्धा. "हे तळून आना" म्हणत प्लेट परत जाते. चॉपस्टिक नातवाच्या हाती पडतात आणि तो पाण्याच्या पेल्यावर ठेका धरतो. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचं गाव, त्याला इलाज नाही.

शुद्धतावादी म्हणतील, हे चायनीजच नव्हे. नाहीच! मंच्युरियनची सांगितली जाणारी जन्मकथा १९७५ च्या सुमाराची आणि मुंबईच्या क्रिकेट क्लबातली आहे. कोलकात्याच्या चिनी कुटुंबातल्या नेल्सन वांग यांनी आलं-लसूण-मिरचीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, बस. मोमो तिबेट-नेपाळकडचा. ज्या अजिनोमोटोच्या नावानं चीनला शिव्या बसतात, त्यातलं द्रव्य १९०८ साली वेगळं काढलं ते जपानच्या इकेदांनी. एवढी वजाबाकी झाल्यावर भाऊंनी परकं म्हणून नाकारावं असं ताटात उरतं तरी काय?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये जिथे आश्रम उभारला आणि ग्रामगीतेतून स्वावलंबी गावाचं चित्र मांडलं, त्या गावाला हा परदेशी थाट शोभतो का? पण महाराज स्वतः १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाऊन आले होते. बाहेरचं दिसलं की कवाड लावून घ्यायचं, हा त्यांचा बाणा नव्हता. स्वावलंबनाचा मुद्दा मात्र खरा. कोबी, कांदापात, मिरची इथल्या बाजारातली घेता येते, सॉसची बाटली येते कुठल्यातरी कारखान्यातून. इथे भाऊंची बाजू थोडी लंगडी पडते, हे मान्य करायला हवं. त्यांच्या वतीनं एवढंच सांगता येईल की सॉस ते फारसा घालूच देत नाहीत, "गोडमट लागते" म्हणून. त्यांना हवा असतो ठेचा. मालक मुरलेला असला तर थोड्याच दिवसांत शेजवानच्या वाटीतून गुपचूप ठेचाच येऊ लागतो, आणि भाऊ बोट चाटून शेजारच्या टेबलाला ऐकवतात, "आता कुठी जमलं याले चायनीज!"