अहमदपूरला घ्या प्रश्नमंजुषा!

नांदेड मोठं की लातूर, याचं उत्तर लातूर पॅटर्नच्या एकाही गाइडात नाही. म्हणून ते कितीक वर्षं रस्त्यावर शोधलं जातंय. २००८च्या डिसेंबरात मुख्यमंत्रिपद लातूरच्या विलासराव देशमुखांकडून नांदेडच्या अशोक चव्हाणांकडे आलं आणि २००९मध्ये मंत्रिमंडळानं नवं महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरवलं. लातूर पेटलं. निवेदनं झाली, बंद झाले, कोर्टकचेरी झाली. एवढं रामायण होऊन आयुक्तसाहेब बसतात कुठं? छत्रपती संभाजीनगरला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ तो हाच, फक्त इथं तिसऱ्याला उठून यायचेही कष्ट पडले नाहीत.

लोकसंख्या, अंतर, इमारती, असल्या रटाळ मुद्द्यांवर हा निकाल लागायचा नाही. माझी सूचना अशी: जाहीर प्रश्नमंजुषा घ्या. स्थळ अहमदपूर; दोघांनाही सारखंच गैरसोयीचं. ज्याच्या इतिहासाचे धागे जास्त लांब आणि जास्त विचित्र, आयुक्तालय त्याचं. अट एकच, माहिती खरी पाहिजे. या एका अटीनं निम्मे स्पर्धक नाश्त्याच्या आधीच घरी जातील, हे मला ठाऊक आहे.

पहिला मान लातूरला. नवव्या शतकात, इसवी ८५१च्या सुमारास, सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्यानं जगातले चार बडे राजे मोजले: बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा आणि चौथा ‘बल्हरा’. हा बल्हरा म्हणजे राष्ट्रकूटांचा वल्लभराज. त्या वेळी गादीवर होता अमोघवर्ष. आणि राष्ट्रकूट स्वतःला काय म्हणवून घेत? ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अ. स. आळतेकरांसारख्या इतिहासकारांचं मत. तेव्हा यादी अशी झाली: बगदाद, चीन, रूम आणि लातूरची गंजगोलाई. लातूरच्या बाकावरून ‘काय सांगूलालाव!’ असा एकच गजर.

गजर विरायच्या आत नांदेडचा गडी उठणार. साहेब, या लट्टलूरकराची राजधानी होती मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. त्याच्याच दरबारात ‘कविराजमार्ग’ हा कानडीतला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ झाला आणि त्यात कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरलाय असं लिहून ठेवलंय. म्हणजे लातूरच्या राजानं लातूर परस्पर कानडीत घातलं! नांदेडची टाळी मोठी पडेल, पण त्यांनी जरा नकाशा बघावा. गोदावरी नांदेडातूनच वाहते. जुनं गाव आणि गुरुद्वारा उत्तर काठाला, सिडको आणि विष्णुपुरी दक्षिणेला. अमोघवर्षाच्या हिशेबानं सराफा मराठी आणि सिडको कानडी. बेळगावचा निकाल लागेपर्यंत ही बातमी कृपया बंगळुरूला कळू देऊ नका.

आता नांदेडची पाळी. १७०८ साली इथं गोदाकाठी माधोदास नावाचा बैरागी मठ करून राहत होता, मूळचा जम्मूकडल्या राजौरीचा. गुरू गोविंदसिंगजी बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले, नांदेडला मुक्काम पडला, दोघांची भेट झाली आणि बैराग्याचा बंदासिंग बहादूर झाला. इथून तो पंजाबात गेला आणि १७१०च्या मे महिन्यात त्यानं सरहिंद घेतलं. लातूरकरांनो, हिशेब करा. तुमच्याकडे दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज आणि खानावळीची पातळ आमटी झाल्यावरही ‘रिपीट करतो’ म्हणणारी पोरं आहेत. नांदेडहून गेलेल्यानं दोन वर्षांच्या आत मोगलांचं सरहिंद काढलं, तेही एकाच अटेम्प्टमध्ये.

नांदेडकडे आणखी एक पत्ता आहे. नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. मराठवाड्याचा संत पंजाबात घुमानपर्यंत गेला आणि साडेतीनेकशे वर्षांनी पंजाबचे दहावे गुरू नामदेवांच्या मुलखात येऊन इथंच विसावले. २०१५ला त्या घुमानला आपण साहित्य संमेलन भरवलं. हिंगोलीकर लगेच हात वर करतील की नरसी आमच्या जिल्ह्यात आहे, गुण आमचा. त्यांना अर्धा गुण देऊन खाली बसवावं. गुरुद्वाऱ्याची आजची इमारत १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी बांधवली: पैसा लाहोरचा, राज्य निजामाचं. आज लोह्याचा निधी कंधारला वळवला तरी विधिमंडळाचं कामकाज तहकूब होतं.

उदगीरचा गुण द्यावा की कापावा, हे मला ठरवता येत नाही. ३ फेब्रुवारी १७६०ला सदाशिवरावभाऊंनी तिथं निजामाला नमवलं. त्या विजयाचा डंका इतका वाजला की उत्तरेच्या मोहिमेसाठी भाऊच हवेत असं ठरलं आणि पुढच्या १४ जानेवारीला पानिपत झालं. आशुतोष गोवारीकरांचा २०१९चा ‘पानिपत’ उदगीरवरच सुरू होतो. लातूरकर पहिली दहा मिनिटं बघून बाहेर पडले असतील तर शहाणे.

पण लातूरचा हुकमाचा एक्का वेगळाच आहे आणि तो त्यांनी खिशातून अजून काढलेलाच नाही. त्याचं नाव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाईट बांधणारा इंग्रज इंजिनिअर.

अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७मध्ये बार्शी रोड ते बार्शी धावली. (बार्शी रोड म्हणजे आताचं कुर्डुवाडी.) १९११ला ती लातूरला टेकली आणि १९२७ला तिचं दुसरं टोक मिरजेला लागलं. चालत्या गाडीतून उतरून, विडी ओढून, पुन्हा चढल्याचे किस्से मागल्या पिढीकडे ढिगानं मिळतात. त्यातले निम्मे खरे धरावेत. पण गाडी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कॅलथ्रॉपची युक्ती अशी की इंजिन असो की वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलका चालतो, खर्च कमी येतो आणि माल मात्र पोटभर भरता येतो. ही गाडी आधी इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून चालवून दाखवली, मग बोटीत घातली. म्हणजे बार्शीच्या गाडीनं पहिलं पाऊल टाकलं ते यॉर्कशायरात. पुढं त्यानं हाच घाट स्टॅफर्डशायरमध्ये ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ नावाच्या लाईनीवर वापरला. तिची इंजिनं हिंदुस्थानी थाटाची, कपाळाला भलामोठा दिवा. ती लाईन १९०४ला सुरू झाली. लातूरला गाडी पोचायच्या सात वर्षं आधी तिची धाकटी बहीण तिकडं गोऱ्यांचं दूध वाहत होती.

माणूस एवढ्यावर थांबणारा नव्हता. अरबी घोडे पाळायचा, त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. आणि १९१०मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, विमान कोसळून गेला, तेव्हा कॅलथ्रॉपनं पॅराशूट करायला घेतलं. नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. पहिलं महायुद्ध सुरू झालं, वैमानिक पेटत्या विमानात जळून मरत होते आणि कॅलथ्रॉप अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत होता. वजन फार होतं, अशी एक सबब. दुसरी धास्ती अशी की उडीची सोय दिली तर पठ्ठे विमान वाचवायच्या आधीच उडी मारतील. शत्रूच्या मुलखात हेर सोडायला मात्र हेच पॅराशूट चाललं. फाइल अशी कुजवायची कला इंग्रजांनी आपल्याला शिकवली की निजामाच्या कचेऱ्यांतून तिकडं नेली, यावर कुणीतरी पीएचडी करायला हरकत नाही.

अखेर १९१७ला थॉमस ऑर्ड-लीस नावाच्या अधिकाऱ्यानं सगळ्यांची खात्री पटावी म्हणून लंडनच्या टॉवर ब्रिजवरून हे पॅराशूट लावून थेम्समध्ये उडी घेतली. हा ऑर्ड-लीस कोण? शॅकल्टनच्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावरचा कोठारी! अंटार्क्टिकाच्या बर्फात ते जहाज चिरडलं गेल्यावर एलिफंट बेटावर उलट्या होडीखाली महिने काढून आलेला. लातूर स्टेशन, टॉवर ब्रिज, अंटार्क्टिका. मध्ये फक्त दोन माणसं. नांदेडकरांनी याला उत्तर शोधावं. वेळ हवा तर जेवणाची सुट्टी घेऊ.

यालाच जोडून एक पुरवणी प्रश्न. एप्रिल २०१६मध्ये लातूरच्या नळाला कोरड पडली तेव्हा पाण्याची गाडी कुठून आली? मिरजेहून. पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला. १२ एप्रिलला पहिली खेप, १० वाघिणी, ५ लाख लिटर. रूळ आता रुंद झाले होते, वाट धाराशिवला वळसा घालून आली होती, पण टोकं दोन्ही बार्शी लाईटचीच. आणि त्या वाघिणी पिण्याच्या पाण्यासाठी धुऊन-पुसून कुठल्या कारखान्यातून आल्या? राजस्थानातल्या कोट्याहून. डॉक्टर-इंजिनिअर घडवण्यात लातूरचा जो प्रतिस्पर्धी, त्याच कोट्याहून! एका क्लासवाल्या गावानं दुसऱ्या क्लासवाल्या गावाला फी न घेता काही पाठवल्याची दुसरी नोंद माझ्या वाचनात नाही.

पुढच्याच वर्षी मुंबई-लातूर एक्स्प्रेस बिदरपर्यंत नेली तर लातूरकर रुळांवर उतरले. हक्काची गाडी, हक्काची बर्थ. रागही खरा; ज्यानं सणासुदीला त्या गाडीचं तिकीट काढून पाहिलंय त्याला तो कळतो.

परीक्षकांपुढं खरी अडचण निराळीच आहे. बंदासिंग राजौरीचा, कॅलथ्रॉप विलायतेचा, लट्टलूरपुराधीश राहायला मळखेडला, गुरुद्वाऱ्याचा पैसा लाहोरचा, पाणी मिरजेचं, वाघिणी कोट्याच्या. यातल्या एकाकडेही इथलं डोमिसाइल नाही. मेडिकल प्रवेशातला स्थानिक-बाहेरच्यांचा सत्तर-तीसचा फॉर्म्युला २०२०मध्ये रद्द झाला म्हणून बरं, नाहीतर ही सगळी मंडळी बाहेरच्या कोट्यात गेली असती आणि दोन्ही संघ शून्यावर बाद झाले असते. तरीही निकाल द्यायचाच तर मी असा देतो: शौर्यात नांदेड, विचित्रपणात लातूर, आणि फिरता चषक कुर्डुवाडीला, कारण सगळ्यांना गाडी तिथंच बदलावी लागली.

हा निकाल ज्यांना मान्य नाही त्यांनी आपले प्रश्न जरूर पाठवावेत. सोबत ग्रंथाचं नाव, ताम्रपट, गॅझेटिअर, जुनं वेळापत्रक, काहीही जोडा. ‘नासानं मान्य केलं’ आणि ‘युनेस्कोनं जाहीर केलं’ हे पुरावे धरले जाणार नाहीत. पुरावा नसलेला प्रश्न पाठवायची तसदी घेऊच नका. तो आमच्या मोबाइलवर सकाळीच येऊन गेलेला असतो.