नेकारसुल्मचे घडीकर

परदेशातल्या कुठल्याही मराठी घोळक्यात एक ढोल वाजवणारा असतो, एक वर्गणी मागणारा असतो आणि एक भारतात परतायचं दरवर्षी पुढे ढकलणारा असतो. जर्मनीतल्या नेकारसुल्ममध्ये यांच्या जोडीला घडीकर असतो. आडनाव जाधव असो वा कुलकर्णी, सप्टेंबर सरत आला की त्याचा घडीकर होतो. दिवसभर ऑडीच्या कारखान्यात दरवाजा आणि चौकट यांच्यातली फट मोजायची आणि रात्री जेवणाच्या टेबलावर दसऱ्याचं कार्ड करायचं. ए-५ कागद मधोमध दुमडला की ए-६ कार्ड होतं, हे कोणीही सांगेल. पण तंतूंची दिशा न बघता दुमडलं तर जाड कागद घडीवर फुटतो, हे घडीकर सांगतो, आणि भाजी गार होईपर्यंत सांगतो. आधी चमच्याच्या दांड्यानं रेघ दाबायची, मगच घडी. वर मेपलचं लाल पान, जाड पुस्तकाखाली सुकवलेलं. बहुतेक घरांत जर्मन व्याकरणाचं पुस्तक एवढ्याच कामाला येतं.

लोक त्याला हसतात, पण दसऱ्याचं सोनं आज सर्वांत नीट कोण वाटतं, तर हाच. आपल्याकडे दसऱ्याआधी आपट्याच्या फांद्या ओरबाडतात, तो पुरेना म्हणून कांचनाची पानं आपटा म्हणून खपवतात, आणि दुसऱ्या दिवशी ते सोनं केरात. घडीकर झाडाला हात लावत नाही, पडलेलं पान उचलतो. त्यातही गिंको मिळाला तर त्याचं भाग्य: आपट्यासारखंच दुभंगलेलं पान, वर शरदात पिवळंधमक. गटेनंसुद्धा १८१५ सालच्या आपल्या कवितेच्या हस्तलिखितावर गिंकोची दोन पानं चिकटवली होती, तेव्हा हा उद्योग रिकामटेकड्यांचा म्हणायची सोय नाही. इंजिनिअरला शोभत नाही म्हणावं, तर याच गावात १८८० मध्ये आलेली आणि पुढे मोटारी करणारी एनएसयू कंपनी सुरुवातीला विणकामाची यंत्रं बनवत होती.

व्हॉट्सॲप असताना एवढा खटाटोप कशाला, हा नेहमीचा आक्षेप. त्याला उत्तर सोपं आहे: शंभर जणांना एका बोटानं पाठवलेलं सोनं कोणी जपून ठेवत नाही. पंचांगाचा आक्षेप जरा अवघड. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला तेव्हा बरीच झाडं हिरवीच होती. अशा वर्षी घडीकर गेल्या सालची पानं काढतो, म्हणजे सोनं शिळं. चालायचंच, खरं सोनं तरी कुठे दरवर्षी नवं घेतो आपण! मात्र एक आरोप मला खोडता येत नाही. मिलिमीटर मोजण्यात त्याची सगळी रात्र जाते आणि आत मजकूर म्हणून सर्वांना तेच ‘शुभ दसरा’ उरतं. तेव्हा घडीकर, आत दोन ओळी माणसागणिक लिहा. आणि ओकच्या फळाची टोपी कार्डावर चिकटवू नका. पाकिटाची जाडी ५ मिलिमीटरच्या वर गेली की जर्मन टपालाचं ९५ सेंटचं तिकीट चालत नाही.