येऊलालो

परवा पनवेल–नांदेड गाडीत समोर एक पोरगा बसला होता. पुण्यात शिकायला असावा. गाडी पुण्याहून सुटली आणि त्याच्या आईचा फोन आला. इकडेतिकडे बघत, दबक्या आवाजात तो म्हणाला, “हो, येतोय. निघालोय.” आईचा खणखणीत आवाज मलाही ऐकू येत होता, “जेवलास का? कव्हा येऊलालास?” पोरानं पटकन फोनचा आवाज कमी केला.

त्या कमी केलेल्या आवाजानं माझा जीव तुटला. राग पोराचा नाही आला, आपल्या सगळ्यांचा आला.

17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आला की नांदेड-लातुरात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. मराठवाड्याचा अभिमान, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि खाली पुढाऱ्यांचे चेहरे. ज्यांनी या मातीची भाषा जगवली त्यांचा फोटो मी दरवर्षी शोधतो. सापडत नाही.

निजामाच्या राज्यात कचेरीत उर्दू, शिक्षणात उर्दू. 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. 1938 मध्ये तिथल्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यांतल्या कितीतरी जणांना पुढच्या शिक्षणासाठी नागपूर गाठावं लागलं. एका गाण्यापायी! त्याच राज्यात परभणीला सरकारी नोकरी करता करता बी. रघुनाथ मराठीत कविता लिहीत होते, कथा लिहीत होते, ‘आडगावचे चौधरी’सारखी कादंबरी लिहीत होते. 1953 मध्ये ते गेले तेव्हा वय होतं अवघं 40. तेव्हाचा मराठवाडा कसा होता असं कुणी विचारलं, तर मी गॅझेटियरच्या आधी त्यांची पुस्तकं हातात देईन.

आणि नांदेडचे नरहर कुरुंदकर. मूळ कुरुंद्याचा हा माणूस नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत राहिला, तिथंच प्राचार्य झाला. पुण्या-मुंबईत बिऱ्हाड केलं तरच विचारवंत होता येतं, या समजुतीला त्यांनी नांदेडात बसून उत्तर दिलं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेलं ते लांबलचक पत्र याच माणसाचं. घराघरात ती कादंबरी आहे. ती प्रस्तावना आमच्या नांदेडातून गेली, हे किती घरांत सांगितलं जातं? कुरुंदकरांनी मराठवाड्याचे नुसते गोडवे गायले नाहीत. आपल्याच माणसांना खडसावलं, वाद घातले. 1982 मध्ये औरंगाबादला भाषणाच्या व्यासपीठावरच त्यांनी देह ठेवला. घरच्या माणसावर असा हक्कानं रागावणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

अलीकडचं नाव घ्यायचं तर मकरंद अनासपुरे. मराठवाड्याचा हेल घेऊन ते पडद्यावर आले आणि तो हेल त्यांनी घासूनपुसून गुळगुळीत केला नाही. लोक हसले, आपणही हसलो. 2015 च्या दुष्काळात मात्र हाच नट नाना पाटेकरांसोबत आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांना भेटायला आला, प्रत्येकीच्या हातात 15,000 रुपयांचा धनादेश ठेवला. त्यातून ‘नाम’ ही संस्था उभी राहिली. त्या बाया ज्या भाषेत रडत होत्या ती त्याला समजत होती.

आणि आपण काय करतो? लातूर पॅटर्नच्या मार्कांचे आकडे तोंडपाठ ठेवतो आणि लेकरू ‘करूलालो’ म्हणालं की चारचौघांत त्याला दटावतो. नीट बोल म्हणतो. अहो, नीटच बोलतंय ते! जिल्ह्यातल्या एका तरी शाळेनं यंदा झेंडावंदनानंतर बी. रघुनाथांचं एक पान मोठ्यानं वाचून घ्यावं. दहा मिनिटं लागतील, खर्च शून्य.

पहाटे लातूर गेलं, डबा बराचसा रिकामा झाला. परळी मागं पडली. उजाडता उजाडता परभणीला गाडी थांबली, चहावाला आत शिरला, “च्या घेऊलाले का?” पोरानं घेतला. पहिल्या घोटालाच फोन वाजला. या वेळी त्यानं इकडेतिकडे बघितलं नाही.

“परभणी आली गं माय. येऊलालो.”