कणेकर

डॅव्हनपोर्टला ब्रेडी स्ट्रीटचा चढ चढणाऱ्या ज्या पोराच्या सॅकमधून प्लॅस्टिकचा पाठीचा कणा डोकावतो, तो आमचा भाडेकरू. नेब्रास्कातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पण आमच्या भिशीच्या बायकांनी त्याचं नाव कणेकर ठेवलंय. शिकतो कायरोप्रॅक्टिक, म्हणजे मणके दाबून उपचार करायची विद्या. माणसाचा चेहरा तो नंतर बघतो, आधी चपलेची टाच. ‘‘काकू, डावी टाच जास्त झिजलीय,’’ हे त्याचं गुड मॉर्निंग. ह्यांच्या मागच्या खिशातलं पाकीट त्याने पहिल्याच आठवड्यात पुढच्या खिशात हलवायला लावलं. माझी मान तो रोज डोळ्यांनीच मोजतो. परवाना मिळेपर्यंत हात लावणार नाही म्हणतो, आणि हळहळतो.

१८ सप्टेंबरला तो डोनट वाटतो. १८९५ साली त्या दिवशी इथेच डी. डी. पामर नावाच्या चुंबकोपचार करणाऱ्या गृहस्थांनी इमारतीचा झाडूवाला हार्वी लिलार्ड याचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, अशी कायरोप्रॅक्टिकच्या जन्माची कथा आहे. कानाचा आणि पाठीचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. त्याने प्लॅस्टिकचा कणा टेबलावर आडवा ठेवला. आमटी दोनदा गरम करावी लागली.

‘वेलनेस’ म्हटलं की त्याची कळी खुलते. झोप, श्वास, उशीची उंची, ‘‘शरीर स्वतःच स्वतःला बरं करतं, काकू!’’ पण पब्लिक हेल्थचं पुस्तक उघडलं की हाच गडी खुर्चीत असा घसरतो, की त्याच्या लाडक्या कण्याचं पार धनुष्य होतं. साथी, सांडपाणी, लसीकरण, तक्ते. ‘‘यात माणूस कुठेय?’’ असं तो कळवळून विचारतो. खोटं नाही बोलत बिचारा. समोर बसलेल्या एकाच्या पाठीसाठी तो रात्रभर जागेल. हजार जणांची पाठ त्याला दिसतच नाही. तोंडाने हे विचारत असतो आणि हाताने, तासातासाच्या खुणा असलेली आपली घागरीएवढी बाटली आमच्या नळाखाली धरलेली असते. ते पाणी मिसिसिपीचं. गाळून, क्लोरीन घालून पिण्याजोगं केलेलं. नेमका तोच धडा त्याने ‘परीक्षेपुरता’ म्हणून बाजूला ठेवलाय.

लशीचा विषय निघाला की मात्र तो एकदम वकील होतो. ‘‘मी फक्त माहिती देतो, निर्णय ज्याचा त्याचा.’’ पामरसाहेबांना लस मुळीच मान्य नव्हती. याच्या वर्गातले निम्मे अजून कुंपणावर, उरलेले त्यांच्याशी कॅन्टीनमध्ये भांडतात. हा दोघांनाही पाणी पाजतो.

गेल्या ऑक्टोबरात त्याची आजी आली. ऐंशीच्या पुढची, ठणठणीत, हुकूम सोडणारी. ‘‘माहिती नको, गाडी काढ,’’ म्हणाली आणि फ्लूच्या लशीला निघाली. सोबत मीही. औषधांच्या दुकानात ही रांग. कणेकरने तेवढ्यात तिघांच्या खांद्यांचे उतार सांगितले, एका बाईची पर्स दुसऱ्या खांद्यावर दिली आणि टोचणाऱ्या मुलीला स्टुलाची उंची वाढवायला लावली. तिची कंबर खरंच दुखत होती. तिने आभार मानले आणि बाही वर करायला सांगितलं.

‘‘आज नको,’’ तो घाईघाईने म्हणाला, ‘‘हात दुखेल. उद्या पेपर आहे, पब्लिक हेल्थचा.’’