प्रश्नचिन्ह दाबून बघ

अण्णांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "प्रश्नचिन्ह दाबून बघ." परवा नव्या मुलाने कॅन्टीन कुठल्या मजल्यावर आहे म्हणून विचारलं, तर त्यालाही हेच. तोंडातून निघून गेल्यावर अण्णा स्वतःच जरा चपापले आणि बोटाने वर दाखवून पुन्हा स्क्रीनमध्ये शिरले.

आमच्याकडे राउटर सांभाळायचं सॉफ्टवेअर बनतं, आणि त्याच्याशी बोलायची जी काळी खिडकी, ती कमांड लाइन, ती अण्णांची. मी शेजारच्या टेबलावर टेस्टिंग करते. नेटवर्कचं काम चालतं अशा प्रत्येक ऑफिसात असा एक अण्णा सापडतोच: पन्नाशी उलटलेला, सिस्कोच्या राउटरांपुढे रात्रपाळ्या काढून वर आलेला. माउस असतो टेबलावर, पण वायर गुंडाळून, कॅलेंडरच्या मागे.

माणसाशी तुटक बोलणारा हा गृहस्थ कमांड लाइनमध्ये मात्र भलताच मायाळू. वेळ किती ठेवायची, असं एक साधं सेटिंग होतं. ते टाइप करून प्रश्नचिन्ह दाबलं की पूर्वी नुसता 'आकडा' एवढाच शब्द यायचा. अण्णांनी तो पाहिला आणि त्यांचा चहा राहिला. "आकडा म्हणजे काय? सेकंद की मिनिटं? शून्य चालतं का? रात्री दोन वाजता उठवलेल्या माणसाने हे कुणाला विचारायचं?" आता तिथे '१ ते ३६००, सेकंद' असं येतं, आणि आणखी काही टाइप करायचं उरलं नसेल तर तेही सांगितलं जातं. हाच माणूस मी "अण्णा, जेवलात का?" विचारलं तर "हो" म्हणतो. पुढे काही नाही.

रात्री दोनचा हा माणूस म्हणजे अण्णांचं आराध्यदैवत. तो कोण, कुठला, काही माहीत नाही, पण प्रत्येक मीटिंगला तो हजर असतो. मला संशय आहे, तो तरुणपणचे अण्णाच असावेत. तेव्हाच्या राउटरवर टाइप करताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, की राउटर ते कुठल्यातरी मशीनचं नाव समजायचा आणि त्याचा पत्ता २५५.२५५.२५५.२५५ला, म्हणजे साऱ्या गल्लीला, विचारत बसायचा. तोवर आपण हात चोळायचे. "कंट्रोल, शिफ्ट आणि सहा एकदम दाबलं की सुटका," अण्णा सांगतात, आणि सांगताना बोटं आपोआप तशी वाकडी होतात.

आमच्या कमांड लाइनचा पहिला अवतार एका हुशार मुलाने पायथनमधलं तयार 'सीएमडी' मॉड्यूल घेऊन दोन दिवसांत उभा केला होता. डेमोला साहेबांनी एक कनेक्शन तोडून दाखवलं, ते आपोआप पुन्हा जुळलं, टाळ्या पडल्या. मग साहेबांनी सहज, काहीच न लिहिता, एंटर दाबलं. कनेक्शन पुन्हा तुटलं. पुन्हा एंटर, पुन्हा तुटलं. त्या मॉड्यूलची रीतच तशी आहे: रिकामं एंटर दाबलं की मागची कमांड पुन्हा चालते. ती बंद करायला एक रिकामं फंक्शन लिहिलं की झालं, पण तसं लिहायचं असतं हे ठाऊक हवं. मुलगा पांढराफटक. अण्णा त्याच्यावर एका अक्षराने रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बाळा, माणूस एंटर दाबतो ते राउटर जिवंत आहे का बघायला. त्याने काही मागितलेलं नसतं."

मग अण्णांनी सगळं हातात घेतलं. टाइप करता करता मध्येच 'अमुक इंटरफेस बंद पडला' असा निरोप आला, की अर्धी कमांड त्या निरोपात चिरडून जायची. अण्णांनी आठवडाभर खपून असं केलं की निरोप वरच्या वर छापला जातो आणि खाली आपलं अर्धवट वाक्य, कर्सरसकट, जिथल्या तिथे परत येतं. "दुसऱ्याचं बोलणं अर्धवट तोडू नये," असं त्यांनी मला समजावलं. हे सांगताना त्यांनी माझं वाक्य अर्ध्यात तोडलं होतं.

जगातले आदर्शही ठरलेले. कुनिहिरो इशिगुरो या जपानी माणसाने १९९६ साली झेब्रा नावाचं राउटिंगचं सॉफ्टवेअर सुरू केलं, त्यातून पुढे क्वागा, क्वागातून एफआरआर. प्रत्येक प्रोटोकॉलचा वेगळा प्रोग्रॅम, प्रत्येकाचं वेगळं दार, आणि त्या सगळ्यांना एका प्रॉम्प्टखाली आणणारी 'व्हीटीवायएसएच' ही शेल. क्वागा हा झेब्र्याचा नामशेष झालेला भाऊबंद, हेही अण्णा सांगतात, कुणी विचारलेलं नसताना.

घरी वहिनींचे हाल. राउटरवर कमांडचा पुरेसा तुकडा लिहिला तरी चालतो, तसेच अण्णांचे व्हॉट्सॲपवरचे निरोप. एकदा मुलाला लिहिलं, 'को आण'. मुलाने कोबी आणला. हवी होती कोथिंबीर. अण्णा म्हणाले, "दोन अर्थ निघत होते तर थांबून विचारायचं. राउटर विचारतो."

"मग राउटरलाच पाठवा मंडईत," वहिनी म्हणाल्या.

जुनिपरच्या राउटरवर एक सोय आहे: बदल करा, पण दहा मिनिटांत पुन्हा 'नक्की' म्हटलं नाही तर सगळं आपसूक पूर्वीसारखं. दूरच्या राउटरवर आपण स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तर दहा मिनिटांनी दार उघडतं. अण्णांनी ही सोय संसारातही लावून पाहिली. नवा सोफा आला तेव्हा म्हणाले, "राहू दे, पण दहा दिवसांत मी नक्की म्हटलं नाही तर परत."

"सोफा राहणार," वहिनी म्हणाल्या. "तुमचं काय ते दहा दिवसांत सांगा."

गेल्या महिन्यात वरून हुकूम आला: आता सगळं ब्राउझरमध्ये, रंगीत आलेखांसकट. अण्णांचा मान म्हणून पोरांनी त्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटी काळी खिडकी ठेवली आणि डेमोचा पहिला मान त्यांनाच दिला. अण्णा बसले. शब्द पुरा करायला टॅब दाबला, तर कर्सर उडी मारून शेजारच्या निळ्या बटणावर. ओठ आवळले, पण बोलले नाहीत. पुन्हा खिडकीत आले, टाइप केलं, एक शब्द चुकला. तीस वर्षांच्या सवयीने बोटं कंट्रोल-डब्ल्यूवर गेली. टर्मिनलमध्ये त्याने मागचा एक शब्द पुसला जातो. ब्राउझरमध्ये अख्खं पान बंद होतं.

पडद्यावर साहेबांच्या डेस्कटॉपचा हिमालय. खोलीत सगळे गप्प.

"याने एकदा तरी विचारलं का," अण्णा म्हणाले, "नक्की ना म्हणून?"