स्वामी, पण कुठला?

बनशंकरीला मुलाकडे राहायला आलेले पुण्याचे एक काका शेजारच्या बसवनगुडीत, गांधी बझारला डोसा खायला गेले. खाल्लेलं जिरवायला म्हणून पुस्तकांच्या दुकानात शिरले आणि विचारते झाले, “स्वामी आहे का हो? दूरदर्शनवर मालिका लागायची बघा!” काकांच्या डोळ्यांपुढे माधवराव पेशव्यांच्या वेषातले रवींद्र मंकणी. दुकानदाराच्या डोळ्यांपुढे मास्टर मंजुनाथ. त्याने तत्परतेने आर. के. नारायण यांचं ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ हातात ठेवलं.

तसं दोघांचंही बरोबर होतं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर दोन स्वामी नांदत होते. एक गजानन जागीरदारांच्या मराठी मालिकेतला, दुसरा शंकर नागच्या ‘मालगुडी डेज’मधला. खरे माधवराव 1770 मध्ये बंगळूरपासून साठेक किलोमीटरवरच्या निजगलच्या किल्ल्यापर्यंत येऊन गेले. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ला मात्र गांधी बझार गाठता आला नव्हता.

पैसे दिलेच होते, म्हणून काकांनी नारायण वाचायला घेतले. मालगुडीची मालिका त्यांची तोंडपाठ. त्यामुळे कादंबरीतल्या चुका पटापट सापडू लागल्या.

पहिली तक्रार पावसाची. शंकर नागने मालगुडी उभं केलं आगुंब्याला, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पुस्तकात शरयू नदी आहे, तिच्या काठची वाळू आहे, पण घाटातली ती हिरवी ओल कुठे? वडील वकील आहेत हे ठीक, पण ते पुरेसे गिरीश कर्नाड नाहीत. आर. के. लक्ष्मण यांची चित्रं नाहीत आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून तर एकाही प्रकरणात वाजत नाही. लेखकाने मालिका नीट पाहिलेली दिसत नाही, असा निष्कर्ष काकांनी रात्रीच्या जेवणावर जाहीर केला.

“अहो, पुस्तक 1935 चं आहे,” काकू म्हणाल्या. म्हणजे शंकर नागच्या जन्माला तेव्हा एकोणीस वर्षं अवकाश होता. काकांच्या मते लेखकाने थोडी कळ काढायला हरकत नव्हती.

नारायण यांनी कळ थोडी काढली नव्हती. आजीने मुहूर्त बघून दिलेल्या दिवशी, याच बंगळुरात वही आणून त्यांनी लिहायला घेतलं. प्रकाशकांकडून नकारामागून नकार आले. शेवटी ऑक्सफर्डच्या मित्राला त्यांनी कळवलं, की हस्तलिखिताला दगड बांध आणि थेम्समध्ये सोड. मित्राने ते नदीऐवजी ग्रॅहम ग्रीनला दिलं. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी जोडून मालगुडी झालं, असं गावात सर्रास सांगतात. नारायण मात्र म्हणत, की ते नाव स्टेशनासकट आपोआप सुचलं. काकांना पहिली कथाच पसंत. फक्त बनशंकरीचं एकही अक्षर त्यात का घेतलं नाही, हे त्यांना कळत नाही.

एक प्रकरण तर काकांनी छापखान्याची चूक म्हणून बाजूला ठेवलं. त्यात शरयूच्या काठी परकीय सरकारविरुद्ध सभा भरते, दोन हजार माणसं जमतात, स्वामी आपली टोपी होळीत फेकतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या काचा फुटतात. तारीख छापली आहे 15 ऑगस्ट 1930. “सतरा वर्षं आधी कसा येईल 15 ऑगस्ट?” काकांनी पेन्सिलीने तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

काकांना एकट्यालाच हसण्याचं कारण नाही. शिवमोग्गा जिल्ह्यात अरसाळू नावाचं छोटं स्टेशन आहे, मालिकेतली गाडी तिथे थांबायची. रेल्वेने 2020 मध्ये तिथे ‘मालगुडी संग्रहालय’ केलं. नारायण यांच्या मनात आधी आलं ते स्टेशनच, पण सरकारदरबारी मालगुडीची नोंद झाली ती कॅमेरा जिथे लागला तिथे.

पुस्तक पुरं केलं ते काकूंनी, एकोणिसाच्या एकोणीस प्रकरणं. शेवटी स्वामीचा मित्र राजम गाव सोडून निघतो, स्वामी धावतपळत स्टेशनवर येतो आणि सुटत्या गाडीत त्याला अँडरसनच्या परीकथांचं पुस्तक पोचवतो. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. काकांनी मोबाइलवर ती धून लावली.

रणजित देसाईंचं ‘स्वामी’ अजून मिळालेलं नाही. पुण्याहून बनशंकरीला कुणी येणार असेल तर एक प्रत आणावी. मुखपृष्ठावर रवींद्र मंकणी नसतील तर आणू नये, काका घेणार नाहीत.