वेळ उरल्यास गाणे

खान्देशात कलेची सेवा करायला कला लागत नाही, सात माणसं लागतात. इंग्रज जाताना १८६०चा संस्था नोंदणी कायदा मागे ठेवून गेले, त्यात ही सातांची अट आहे. जळगाव असो की धुळे, सकाळी नऊला चहाच्या टपरीवर सात माणसं आपोआप जमतात, त्यामुळे आपल्याकडे सांस्कृतिक संस्थांना तोटा नाही. या सातांत एखाद्याला गाता येत असेल, तर त्याला शक्यतो कार्यकारिणीवर घेऊ नये. तो पहिल्याच सभेत गाण्याचा विषय काढतो.

नोंदणी झाली की १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा लागतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्या, धर्मादाय कार्यालयात सादर करा, विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत फेरफार अहवाल द्या. (संस्थेत दोन गट असले तर फेरफार अहवालही दोन जातात. मग पुढची दहा वर्षं संस्थेचा एकमेव नियमित प्रयोग धर्मादाय कार्यालयात रंगतो, तोही बिनतिकीट.) कायद्याने सगळं विचारून घेतलंय. वर्षातून एकदा तरी कोणीतरी गावं, एवढं एक कलम मात्र घालायचं राहून गेलं.

कागदांचं प्रेम या मातीत जुनंच आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत फिरले आणि १९२६च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात गेले. लगोलग १९२७मध्ये धुळेकरांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांच्या सत्कार्योत्तेजक सभेने समर्थांची बाडं जमवली. आजचा सांस्कृतिक सचिव याच परंपरेतला. त्याच्या बाडात पोलिसांचा ना-हरकत दाखला असतो, महापालिकेचा असतो, अग्निशमन दलाचा असतो, महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीची पावती असते. नाटक असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही असतं. देवांच्या सभेच्या नावातला ‘य’ तेवढा मधल्या काळात कुठेतरी गळाला आणि चळवळ सत्कारोत्तेजक झाली.

आता रंगमंच. बंदिस्त नाट्यगृहाला पैसा लागतो. खुल्याला मोकळी जागा पुरते, आणि थोडा आशावाद. जळगावात महापालिकेच्या खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे, आणि ते रास्तही आहे. लहानग्या नारायणाला गाण्याचे सुरुवातीचे धडे मेहबूब खाँसाहेबांकडून जळगावातच मिळाले. शिवाय ना-नफा तत्त्व बालगंधर्वांइतकं मनापासून पाळलेला माणूस महाराष्ट्रात दुसरा झाला नाही. १९१३मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. रंगमंचावर अत्तर खरं, गालिचे खरे, शालू खरे, आणि वहीत मांडलेलं कर्जही खरं. १९२१च्या जुलैत मुंबईत केशवराव भोसल्यांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झाला, लोक तिकिटांवर तुटून पडले, आणि पैसे गेले टिळक स्वराज्य फंडाला. म्हणजे नफा झाला तर देशाला, तोटा झाला तर आपल्या घरात. आमच्या संस्थांनी यातला अर्धाच वारसा उचलला. तोटा अजूनही गाणाऱ्याच्या घरातच ठेवलाय.

खुल्या रंगमंचाचा हंगाम वजाबाकीने काढावा लागतो. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि पाऊस नसेल तर दुष्काळ. दुष्काळात गाणं शोभत नाही. मग नवरात्र, कापसाची वेचणी, दिवाळी. फेब्रुवारी-मार्चात बारावी-दहावी. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या पुढे. मधेच निवडणूक लागली तर आचारसंहिता, आणि निवडणूक मधेच लागतेच. उरतात डिसेंबर-जानेवारी. त्या दिवसांत रसिक मळ्यात भरीत पार्टीला गेलेला असतो. बामणोदचं वांगं, तुराट्यांचा जाळ, कळण्याची भाकरी, यापुढे यमन उभा राहू शकत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, यमनाला अजून नाही.

एवढ्या वजाबाकीतूनही जळगावात वसंतराव चांदोरकरांच्या नावाचं प्रतिष्ठान वीस वर्षांहून अधिक काळ जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरवतं आणि लोक जाऊन ऐकतात, हे मान्य करायला हवं. पण ती गाणं ऐकणाऱ्यांची गोष्ट झाली. आमचा आजचा विषय गाणं आयोजित करणाऱ्यांचा आहे.

आयोजकाला ऋतूशी काही देणंघेणं नसतं. पालकमंत्री मोकळे असतील तो दिवस शुभ. ते बहुधा महाराष्ट्र दिनाच्या आसपास मोकळे सापडतात. त्यामुळे खान्देशातली संगीतसभा मे महिन्यात, उघड्यावर, दगडी पायऱ्यांवर होते. या पायऱ्या दिवसभर ऊन पितात आणि संध्याकाळी सातला ते परत द्यायला सुरुवात करतात. जाणकार रसिक घरून गोणपाट आणतो. नवखा रसिक बसतो, लगेच उठतो, आणि व्यासपीठावरच्या मान्यवरांना वाटतं की आपल्या आगमनाला लोक उभे राहिले.

पायरी बसण्याजोगी व्हायला साडेनऊ वाजतात. आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद! केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २०००चे आहेत. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा बंदी. सण-उत्सवांसाठी बारापर्यंतची सवलत वर्षातून फार तर पंधरा दिवस. हे पंधरा दिवस गणपती, नवरात्र, जयंत्या आणि ३१ डिसेंबर यांच्यात वाटून संपतात. गाण्याच्या वाट्याला येतो तो साडेनऊ ते दहाचा अर्धा तास.

हा अर्धा तास वाया जाऊ नये म्हणून सत्कार असतात.

सातची वेळ, पावणेआठला सुरुवात. आधी दीपप्रज्वलन. खुल्या रंगमंचाला भिंती नसल्याने वारा सर्व बाजूंनी आत येतो आणि समई काही पेटत नाही. पाच मान्यवर वातीभोवती हातांचा आडोसा करून वाकलेले असतात, छायाचित्रकार म्हणतो, ‘भाऊ, इकडे बघा’, पाचही जण इकडे बघतात, वात विझते. तीन काडेपेट्यांनंतर कोणीतरी कापूर आणतो. मग गणेशवंदना, स्वागतगीत, प्रास्ताविक. प्रास्ताविकात संस्थेची स्थापना का करावी लागली हे सविस्तर येतं, पण कोणत्या भांडणातून, ते येत नाही. पुढे पाहुण्यांचा परिचय. मग पाहुण्यांचा परिचय करून देणाऱ्याचा परिचय. मग सत्कार: मंत्रिमहोदयांचा, महापौरांचा, माजी महापौरांचा, होऊ घातलेल्या महापौरांचा. मुख्य प्रायोजकाचा. सहप्रायोजकाचा. फ्लेक्स वेळेत छापून देणाऱ्याचा. मंडपवाल्याचा. टँकर आणून पायऱ्यांवर पाणी मारणाऱ्याचाही सत्कार असतो, आणि संध्याकाळभरात खऱ्या अर्थाने लोकोपयोगी काम केलेला तो एकटाच असतो. पण त्याचं नाव यादीत चुकीचं असतं.

मागच्या पायरीवरून आवाज येतो, ‘काय भो, आते तरी चालू व्हई का?’

पुढच्या पायरीवरून उत्तर जातं, ‘ना भो, आजून दोन शाली शेतस.’

गायिका पुण्याहून आलेली असते. दुपारपासून तानपुरे चारदा जुळवून झालेत. उष्म्याने आणि पंख्यांनी ते पाचव्यांदा उतरलेत. निवेदक ‘आता अधिक वेळ न दवडता’ असं म्हणतो आणि आठ मिनिटं दवडतो. नऊ बेचाळीसला स्वर लागतो. नऊ पंचेचाळीसला सचिव वाकून सांगतो, ‘ताई, विलंबित नको, थेट द्रुतच घ्या.’ नऊ पन्नासला चिठ्ठी येते: अध्यक्षांच्या आईंना अभंग हवाय. नऊ अठ्ठावन्नला फाटकाशी हवालदार दिसतो आणि गायिकेला कोणी न सांगता भैरवी सुचते. मोठी कलावंत हो!

दहाला माईक बंद होतो. आभारप्रदर्शन मात्र साडेदहापर्यंत चालतं. नियमात ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, आभारांना नाही.

पैशाचं गणित त्याहून सोपं आहे. भिंत नाही म्हणून फाटकाला अर्थ नाही, फाटकाला अर्थ नाही म्हणून तिकीट नाही. अशा कार्यक्रमांच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला सरकारने वस्तू व सेवा कर माफ केला. आम्ही एक पाऊल पुढे जाऊन तिकीटच माफ केलं. फुकट बसलेला रसिक हा ग्राहक नसतो, तो गर्दी असतो, आणि गर्दी ही प्रायोजकाला दाखवायची असते. कंपनी कायदा २०१३मध्ये झाला, त्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजासाठी खर्चायला सांगितलाय आणि यादीत कला-संस्कृतीही आहे. त्यामुळे फ्लेक्सवर कंपनीचं नाव पंचवीस फुटी, मान्यवरांचे चेहरे पाच फुटी आणि गायिकेचं नाव खाली उजव्या कोपऱ्यात, मुद्रकाच्या दूरध्वनी क्रमांकाच्या वर. वार्षिक हिशेबात मंडप, ध्वनी, फ्लेक्स, हार-तुरे, भोजन अशी स्वतंत्र खाती असतात. शेवटी ‘कलाकार व इतर किरकोळ’. गायिकेला शाल मिळते. मेमध्ये, जळगावात, शाल!

या संस्था नव्हत्या तेव्हा खान्देशाने कसं निभावलं असेल? नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते, रात्रभर गाणी होतात, फुगड्या होतात, सकाळी मिरवणूक निघते. निवेदक नसतो, तरी कोणाचं गाणं कधी हे कोणाला विचारावं लागत नाही. ‘वही’ हे लोकगीत गाणारा डफ काढतो आणि गातो. त्याला ‘दोन शब्द’ बोलायचे नसतात. सातपुड्याच्या पायथ्याशी सोंगाड्या पार्टी रात्रभर खेळ करते, रंगमंच म्हणजे लोकांनी सोडलेली जागा. यांच्यापैकी कोणाकडेच फेरफार अहवाल नाही.

आणि संघटना करून, समिती नेमून, उघड्यावर मोठं काही करायचंच म्हटलं तर तेही इथे झालेलं आहे. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींचा आग्रह होता की खेड्यात मिळेल त्यातूनच सगळं उभं करायचं. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आले आणि बांबू, गवत, टोपल्या असल्या साहित्यातून अधिवेशनाचं टिळकनगर सजलं. देशातला अव्वल चित्रकार केळीच्या मुलखात येऊन बांबू बांधत होता! आज तो आला असता तर त्याला व्यासपीठावर तिसऱ्या खुर्चीवर बसवून स्मृतिचिन्ह दिलं असतं, बांबूपर्यंत पोचूच दिलं नसतं. बांबूचं कंत्राट अध्यक्षांच्या साडूकडे असतं.

परवा आमच्या ओळखीच्या एका संस्थेची सर्वसाधारण सभा झाली. नाव सांगत नाही. सांगितलं की ते सत्काराला बोलावतील. विषय होता खुल्या रंगमंचाच्या अडचणी. ऊन लागतं, पाऊस येतो, वाऱ्याने समई विझते, आणि दहाची मर्यादा. चौथ्या मुद्द्यावर कायदेशीर सल्लागारांनी नियम वाचून दाखवला: रात्रीची बंदी उघड्या जागेला आहे, बंदिस्त सभागृहात आतल्या आत आवाज ठेवला तर नाही. सभेत क्षणभर शांतता पसरली आणि मग एकमताने ठराव झाला की खुल्या रंगमंचावर पत्र्याचं छत टाकावं आणि चारी बाजूंनी भिंती घालाव्यात. नावातला ‘खुला’ हा शब्द देणगीदारांच्या भावनांचा विचार करून कायम ठेवावा.

एका सभासदाने विचारलं की मेमध्ये पत्र्याखाली माणसं बसतील का. त्यांना बसायला सांगण्यात आलं. काम दिवाळीनंतर सुरू होईल. कोनशिलेवर कोणाचं नाव कोणाच्या वर, हे ठरवायला सात जणांची उपसमिती नेमली आहे.